त्रेचाळीस दात्यांचा हिशेब

दोन माझ्दा एमएक्स-५ शेजारी शेजारी उभ्या आहेत असं धरू. दोन्ही पहिल्या पिढीतल्या. १.६ लिटरचं इंजिन तेच, पाच गिअरचा गिअरबॉक्स तोच, १४ इंची चाकंही तीच. फरक फक्त मागच्या डिफरन्शियलच्या पोटात आहे. पहिल्या गाडीत क्राउन व्हीलला ४३ दाते आणि त्याला फिरवणाऱ्या पिनियनला १०. दुसरीत क्राउनला ४३च, पण पिनियनला ११. म्हणजे पहिलीचा रेशो ४.३०, दुसरीचा ३.९०९. आता शून्यावरून ताशी १०० किलोमीटरचा वेग आधी कोण गाठेल?

गाड्यांची आवड असलेल्या मंडळींत हा प्रश्न टाकला, तर बहुतेक जण पहिलीवर पैज लावतील. आकडा मोठा तेवढा पिकअप जास्त, हे गॅरेजात शिकलेलं सूत्र आहे आणि ते खोटं नाही. पण ते अर्धंच आहे. क्राउन-पिनियनचा, म्हणजे फायनल ड्राइव्हचा, रेशो बदलल्याने इंजिनातून एकही जादा अश्वशक्ती निघत नाही. आहे तीच ताकद कोणत्या वेगाला, कोणत्या गिअरमध्ये वापरायला मिळेल, एवढंच बदलतं. हा सौदा आहे, आणि त्याचा हिशेब डिफरन्शियल खाली उतरवण्याआधी कागदावर करता येतो. सौदा मनासारखा ठरला, तरी तो पदरात पडतो की नाही हे मात्र मिलिमीटरच्या शतांशात मोजल्या जाणाऱ्या जुळणीवर ठरतं.

एका पेटीत तीन कामं

इंजिन पुढे आणि चालणारी चाकं मागे अशी रचना असलेल्या गाडीत इंजिनाचं फिरणं लांब प्रोपेलर शाफ्टमधून मागे येतं. तिथल्या पेटीला तीन कामं करायची असतात. गाडीच्या लांबीच्या दिशेत असलेला आस काटकोनात वळवून चाकांकडे न्यायचा. फेरे कमी करून त्या प्रमाणात टॉर्क वाढवायचा. आणि वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू द्यायचं.

तिसऱ्या कामामुळे या पेटीला डिफरन्शियल हे नाव मिळालं. एमएक्स-५च्या मागच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण १.४२ मीटर आहे. गाडी काटकोनात वळली की बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे सव्वादोन मीटर जास्त चालतं. वळण ऐसपैस असो की अरुंद, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली, तर हे सव्वादोन मीटर टायरला रस्त्यावर घासून भरून काढावे लागतील. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकरने १८२८ साली वाफेच्या गाडीसाठी यावर दात्यांच्या चक्रांचा उपाय नोंदवला. तेव्हा पेट्रोलवर चालणारी मोटार जन्मालाही आली नव्हती. आजही मूळ कल्पना तीच आहे. क्राउन व्हीलला जोडलेल्या पेटीत दोन छोटी चक्रं असतात, ज्यांना आपल्याकडचे मेकॅनिक ‘स्टार पिनियन’ म्हणतात. गाडी सरळ जाताना ती स्वतःभोवती फिरत नाहीत, पेटीबरोबर नुसती वाहून नेली जातात. वळणावर ती फिरू लागतात, आणि एका चाकाच्या गतीत जेवढी घट होते तेवढी वाढ दुसऱ्याला देतात.

पहिली दोन कामं क्राउन आणि पिनियन ही जोडी करते. तिचे दाते सरळ नसतात, वक्र असतात. शिवाय पिनियनचा आस क्राउनच्या केंद्रातून जात नाही, थोडा खालून जातो. या हायपॉइड रचनेमागे अमेरिकेतल्या ग्लीसन कंपनीचं काम आहे. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात पॅकार्ड गाड्यांनी ती वापरात आणली. तिच्यामुळे प्रोपेलर शाफ्ट खाली गेला, गाडीचा तळ उतरला आणि आवाजही कमी झाला. त्याची किंमत म्हणजे घसरण. हायपॉइडचे दाते एकमेकांवर फक्त लोळत नाहीत, दाबाखाली लांबीच्या दिशेने घसरतातही. म्हणून या पेटीत साधं तेल चालत नाही. त्यात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घातलेलं जीएल-५ दर्जाचं तेल लागतं. झाकण उघडल्यावर नाकात घुसणारा तो उग्र वास याच गंधकाचा.

एमएक्स-५च का?

हिरोशिमाच्या माझ्दा कंपनीने ही गाडी १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात मांडली. हलकी, दोन आसनी, उघड्या टपाची आणि मागच्या चाकांवर चालणारी. अशा ब्रिटिश गाड्यांची परंपरा तोवर जवळजवळ विझली होती. २०१६ साली माझ्दाने दहा लाखावी एमएक्स-५ बनवली. इतक्या गाड्या, आणि पिढ्यापिढ्यांतून बदलत गेलेले रेशो, यामुळे डिफरन्शियलची अदलाबदल हा या गाडीच्या शौकिनांचा आवडता उद्योग झाला.

सुरुवातीच्या १.६ लिटर गाडीला ४.३० म्हणजे ४३ भागिले १० मिळाला. १९९३च्या सुमारास १.८ लिटरचं जास्त दमदार इंजिन आलं तेव्हा रेशो ४.१० म्हणजे ४१ भागिले १० झाला. पुढे दुसऱ्या पिढीत सहा गिअरच्या गाड्यांबरोबर ३.९०९ म्हणजे ४३ भागिले ११ आला. ३.६३६ म्हणजे ४० भागिले ११ ही जोडीही या कुटुंबात सापडते.

या जोड्यांत एक गोष्ट समान आहे. दोन्ही आकड्यांना एकाहून मोठा सामाईक भाजक नाही. ४० भागिले १० असा सुटसुटीत चारचा रेशो अभियंते मुद्दाम टाळतात. तो घेतला तर पिनियनचा एक दाता क्राउनच्या त्याच चार दात्यांना जन्मभर भेटत राहील. एखाद्या दात्यावर बारीकसा दोष असेल, तर तो ठरावीक सोबत्यांवरच उमटत जाईल. ४३ आणि १० मध्ये प्रत्येक दाता दुसऱ्या बाजूच्या प्रत्येक दात्याला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते.

आकडे काय लपवतात?

१८५/६०/१४ या मापाच्या टायरचा परीघ कागदावर १.८१५ मीटर भरतो. गाडीच्या भाराने तो प्रत्यक्षात किंचित कमी होतो, पण तुलनेसाठी हा आकडा पुरेसा आहे. पाच गिअरच्या या गिअरबॉक्सचे रेशो असे: पहिला ३.१३६, दुसरा १.८८८, तिसरा १.३३०, चौथा १.०००, पाचवा ०.८१४. इंजिनाची लाल रेषा मिनिटाला ७००० फेऱ्यांवर. दुसऱ्या गिअरमध्ये तिथपर्यंत ताणलं, तर वेग असा मिळतो:

४.३० वर ताशी ९४ किलोमीटर
४.१० वर ताशी ९८ किलोमीटर
३.९०९ वर ताशी १०३ किलोमीटर
३.६३६ वर ताशी १११ किलोमीटर

सुरुवातीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या यादीत आहे. ४.३० वाल्या गाडीला १०० गाठण्याआधी तिसरा गिअर टाकावाच लागतो. ३.९०९ वाली दुसऱ्या गिअरवरच शंभरी ओलांडते. गिअर बदलायला जो अर्धा-पाऊण सेकंद जातो, तेवढा वेळ चाकांना ताकदच मिळत नाही. शिवाय ताशी ९४ ते १०३ या पट्ट्यात काय घडतं तेही पाहा. ४.३० वाली गाडी तिसऱ्यात, म्हणजे इंजिन आणि चाकांमध्ये ५.७२ पट गुणाकार. ३.९०९ वाली अजून दुसऱ्यात, म्हणजे ७.३८ पट. ज्या गाडीचा पिकअप कमी म्हणतात, तिच्या हाती त्या क्षणी जवळजवळ तीस टक्के जास्त गुणाकार असतो, आणि तिचं इंजिन ६५०० फेऱ्यांच्या आसपास, म्हणजे कमाल शक्तीच्या जागी फिरत असतं.

उरलेलं निम्मं उत्तर ४.३० च्या बाजूचं आहे. जागेवरून निघताना, आणि दोन्ही गाड्या एकाच गिअरमध्ये असतील त्या प्रत्येक वेगाला, तिच्या चाकांवर दहा टक्के जास्त जोर येतो. म्हणून चालवणाऱ्याला ती चपळ वाटते, आणि ती भावना खरी असते. शंभरच्या शर्यतीत मात्र सुरुवातीला कमावलेलं शेवटच्या गिअरबदलात खर्ची पडतं. ९० पर्यंतची शर्यत लावली तर ४.३० पुढे राहण्याची शक्यता जास्त. १०० ची लावली तर पारडं दुसरीकडे झुकतं. शर्यतीची रेषा कुठे आखली आहे, यावर विजेता ठरतो.

यामागचा नियम सरळ आहे. एखाद्या वेगाला टायरवर जास्तीत जास्त किती जोर मिळू शकतो, हे इंजिनाची शक्ती आणि तो वेग यांच्या भागाकारावरून ठरतं. त्यात डिफरन्शियलला जागाच नाही. रेशो बदलला की पाचही गिअर वेगाच्या पट्टीवर एकत्र मागे किंवा पुढे सरकतात. त्यांच्यामधल्या खाचा कुठे पडतात, तेवढं बदलतं. म्हणून स्पर्धेतले लोक आधी विचारतात, ‘कोणत्या ट्रॅकसाठी?’ ज्या वळणातून ताशी ९६ ने बाहेर पडायचं, तिथेच गिअर बदलावा लागत असेल तर त्या ट्रॅकसाठी तो रेशो चुकीचा.

रस्त्यावर वापरायच्या गाडीसाठी दुसरा आकडा महत्त्वाचा ठरतो. पाचव्या गिअरमध्ये ताशी १०० ने जाताना ४.३० वर इंजिन सुमारे ३२०० फेरे घेतं, ४.१० वर ३०६५, ३.९०९ वर २९२० आणि ३.६३६ वर २७२०. उघड्या टपाच्या गाडीत चार तास महामार्गावर बसणाऱ्याला हे पाचशे फेरे कानांनी कळतात, आणि पेट्रोल भरताना पुन्हा कळतात.

सहावा गिअर आला म्हणून इंजिन शांत होईल, असा समजही इथे फसतो. माझ्दाच्या या सहा गिअरच्या गिअरबॉक्समध्ये पाचवा गिअर १.००० आणि सहावा ०.८४३ आहे. जुन्या पाचव्यापेक्षा, म्हणजे ०.८१४ पेक्षा, तो आखूडच. वाढलेला गिअर वर नव्हे, मध्ये घुसवलेला आहे. पहिला गिअर ३.७६० असल्याने ४.३० बरोबर तो इतका आखूड होतो की गाडी हलताच दुसरा टाकावा लागतो. हाच गिअरबॉक्स ३.६३६ शी जोडला, तर पहिल्या गिअरचा एकूण गुणाकार १३.६७ होतो. जुन्या पाच गिअरच्या गाडीचा ४.३० बरोबरचा गुणाकार १३.४८ होता. म्हणजे निघताना जोर जवळजवळ तेवढाच, आणि सहाव्या गिअरमध्ये ताशी १०० ला इंजिन २८०० फेऱ्यांवर. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांचा विचार एकत्रच करावा लागतो, तो यासाठी.

हाच हिशेब दुसऱ्या टोकाला पाहायचा तर विलीज सीजे-३बी जीप घ्या, जी महिंद्राने लायसन्सवर आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली. तिचा रेशो ५.३८. क्राउनचे दाते तेच ४३, पिनियनला मात्र फक्त ८. चिखलातून आणि चढावरून ओझं ओढायला नेमका, महामार्गावर मात्र इंजिनाचा घसा फोडणारा. खाणीतला टिपर आणि लांब पल्ल्याचा ट्रक यांना इंजिन एकच असलं तरी मागचा रेशो वेगळा देतात, तोही याच कारणाने.

खरेदीआधीच्या तीन गोष्टी

पहिली गोष्ट ताकदीची. १.६ लिटर इंजिनाचा कमाल टॉर्क साधारण १३५ न्यूटन-मीटर आहे. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्समधून तो सव्वाचारशेच्या आसपास होऊन बाहेर पडतो. क्राउन-पिनियननंतर, घर्षण सोडलं तर, १८०० च्या वर जातो. हा सगळा भार दोन-तीन दात्यांवर असतो. सुरुवातीच्या १.६ च्या डिफरन्शियलमधलं क्राउन सहा इंची आहे, आणि टर्बो बसवलेल्या गाड्यांत ते मोडण्यासाठी प्रसिद्ध आहे. १.८ बरोबर आलेलं क्राउन सात इंची, बरंच दणकट. पण सहा इंची पेटीत सात इंची क्राउन बसत नाही. तिथे अख्खं डिफरन्शियल, प्रोपेलर शाफ्ट आणि चाकांकडे जाणारे दोन्ही शाफ्ट १.८ च्या गाडीचे घ्यावे लागतात.

दुसरी गोष्ट लिमिटेड स्लिपची, म्हणजे घसरणाऱ्या चाकाला आवर घालणाऱ्या डिफरन्शियलची. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना नेहमी सारखाच टॉर्क देतं. एक चाक वाळूत किंवा हवेत गेलं की त्याला जेवढा नगण्य टॉर्क पुरतो, तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो आणि गाडी जागची हलत नाही. जुन्या १.६ मध्ये यावर चिकट सिलिकॉन द्रवाचा पर्याय मिळत असे. वर्षं सरली की तो द्रव निकामी होतो आणि डिफरन्शियल साध्यासारखं वागू लागतं. १.८ मध्ये टॉर्सन आलं. अमेरिकन संशोधक व्हर्नन ग्लीसमन यांच्या १९५८ च्या पेटंटमधून निघालेली ही रचना. तिच्यातली तिरप्या दात्यांची चक्रं भार आला की एकमेकांना अडवतात आणि पकड असलेल्या चाकाकडे जास्त टॉर्क वळवतात. झिजायला त्यात क्लच-प्लेटा नाहीत. क्राउन या पेटीवर बोल्टने बसतं, त्यामुळे चांगलं टॉर्सन जपून त्यावर नव्या रेशोची जोडी चढवता येते. अट एवढीच की माप सात इंची असावं.

तिसरी गोष्ट स्पीडोमीटरची. पहिल्या पिढीत स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते. चाकं किती फिरली हे तिला ठाऊक नसतं, प्रोपेलर शाफ्ट किती फिरला एवढंच कळतं. ४.३० काढून ३.९०९ बसवला आणि केबलचं छोटं प्लास्टिकचं चक्र बदललं नाही, तर काटा १०० दाखवत असताना गाडी ११० ने धावत असते. दंडाची पावती याच दहामधून निघते.

पेटी उघडल्यावर

डिफरन्शियल उघडायचं की नाही, हे आधी कानाने आणि तेलाने ठरवावं. पाय पॅडलवर असताना येणारी आणि सोडल्यावर थांबणारी कुई दात्यांच्या जुळणीकडे बोट दाखवते. पॅडल दाबलं-सोडलं तरी न बदलणारी, वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर बेअरिंगची. तेल काढायच्या बुचाला चुंबक असतं. त्यावर करड्या मलमासारखा थर असेल तर ती रोजची झीज. बोटांना टोचणारे कण किंवा चकचकीत पापुद्रे असतील, तर दात्यांचा किंवा बेअरिंगचा पृष्ठभाग सोलला जातोय.

एमएक्स-५मध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल अ‍ॅल्युमिनियमच्या एका लांब चौकटीने जोडलेले असतात. पॅडल दाबताच गाडी लगेच उत्तर देते, त्यात या चौकटीचा वाटा आहे. ती सोडण्याआधी गिअरबॉक्सखाली जॅक लावावाच लागतो, नाहीतर त्याचं शेपूट खाली लोंबतं. परत बसवताना गिअरबॉक्सची उंची पुस्तिकेतल्या मापाला जुळवली नाही, तर महामार्गावर गाडी थरथरते, आणि दोष मात्र नव्या डिफरन्शियलच्या माथी मारला जातो.

पेटी टेबलावर आली की सुट्टं करायची घाई करू नये. आधी जुनी मापं लिहून काढावीत: दात्यांमधला प्ले, क्राउन फिरताना डुलतं का, पिनियन किती जड फिरतं. बाजूच्या बेअरिंगच्या टोप्यांवर डावी-उजवी अशी खूण करावी. त्या घरावर बसवूनच आतून घडवलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही. क्राउन आणि पिनियनही कारखान्यात जोडीनेच घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर एकच क्रमांक कोरलेला असतो. एका गाडीचं पिनियन आणि दुसरीचं क्राउन घेतलं, तर दात्यांची संख्या जुळली तरी आवाज जन्मात थांबत नाही.

मग चार मापांचं काम सुरू होतं, आणि त्यांचा क्रम मोडता येत नाही. पहिलं माप पिनियनच्या खोलीचं. पिनियन क्राउनच्या किती जवळ बसावं, हे त्याच्या डोक्यामागे घातलेल्या चकतीच्या जाडीवर ठरतं. या चकत्या शतांश मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मिळतात. जुनं पिनियन काढून नवं लावलं तर जुनीच चकती चालेल असं गृहीत धरू नये, कारण प्रत्येक पिनियनचं डोकं किंचित वेगळं असतं.

दुसरं माप पिनियनच्या बेअरिंगवरच्या दाबाचं. ही बेअरिंग शंकूच्या आकाराची असतात आणि त्यांना मुळीच सैल ठेवून चालत नाही, थोडा आगाऊ दाब द्यावाच लागतो. तो देण्यासाठी दोन बेअरिंगच्या मध्ये पातळ पोलादी नळी असते, जी नट आवळताना चिरडली जाते. ती चिरडायला सुरुवात होण्यासाठीच नटावर दोनशे न्यूटन-मीटरच्या आसपास जोर लागतो, त्यामुळे लांब पाना आणि पिनियनची फ्लँज धरून ठेवणारी दांडी हवी. आणि एकदा नळी बसू लागली की पान्याच्या थोड्याशा हालचालीत दाब झपाट्याने चढतो. दर खेपेला थांबून तपासायचं असतं. लहान मापाचा टॉर्क रेंच नसेल, तर फ्लँजभोवती दोरी गुंडाळून ती स्प्रिंगकाट्याने ओढतात. फ्लँजची त्रिज्या पाच सेंटिमीटर धरली आणि हवा असलेला विरोध दीड न्यूटन-मीटर असेल, तर काट्यावर तीन किलोच्या आसपास ओढ दिसायला हवी, तीही पिनियन सुटताना नव्हे, एकसारखं फिरत असताना. चार-पाच किलो दिसले, तर नट थोडा मागे घेऊन भागत नाही. चिरडलेली नळी परत लांब होत नाही. सगळं उकलून नवी नळी घालायची. म्हणून शहाणे लोक सुरुवातीलाच दोन नळ्या मागवतात.

तिसरं माप बॅकलॅशचं, म्हणजे क्राउन-पिनियनच्या दात्यांमधल्या मोकळ्या प्लेचं. पिनियन घट्ट धरायचं, डायल गेजचा काटा क्राउनच्या दात्यावर टेकवायचा आणि क्राउन हलकेच मागे-पुढे हलवायचं. एमएक्स-५ला हा प्ले मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका, साधारण जाड केसाएवढा हवा. क्राउनच्या दोन्ही बाजूंना आटे असलेल्या कड्या असतात. एक सैल करून दुसरी तेवढीच आवळली की क्राउन पिनियनकडे सरकतं किंवा दूर जातं. एकाच जागी मोजून समाधान मानू नये. क्राउनवर चार ठिकाणी मोजून फरक पाहावा, कारण क्राउनखाली अडकलेला एखादा कचऱ्याचा कणही त्याला डुलायला लावतो.

चौथी आणि शेवटची तपासणी डोळ्यांची. जुन्या जपानी दुरुस्ती-पुस्तिका दात्यांना रेड लेड लावायला सांगत, म्हणजे आपला शेंदूर, तेलात कालवलेला. शिसं विषारी असल्याने आता पिवळी पेस्ट वापरतात. क्राउनच्या सहा-आठ दात्यांवर पातळ थर द्यायचा, लाकडाच्या ठोकळ्याने क्राउनला थोडं अडवून धरायचं आणि पिनियन दोन्ही दिशांनी फिरवायचं. जिथे दाते टेकतात तिथला रंग सरकतो आणि लंबगोल ठसा उमटतो. तो दात्याच्या उंचीच्या मधोमध आणि लांबीत किंचित आतल्या, अरुंद टोकाकडे हवा. भार आला की तो आपोआप बाहेरच्या टोकाकडे सरकतो. ठसा दात्याच्या मुळाशी चिकटला असेल तर पिनियन फार आत आहे. शेंड्याकडे गेला असेल तर फार बाहेर आहे. दोन्ही परिस्थितींत पिनियन परत काढून, बेअरिंग प्रेसवर उतरवून, चकती बदलून पहिल्या मापापासून सुरुवात. बॅकलॅश नेमका असूनही ठसा चुकीचा येऊ शकतो, आणि घाईत बसवलेली डिफरन्शियल नेमकी इथेच फसतात. प्ले मापात आला म्हणून झाकण लावलं जातं, आणि गाडी रस्त्यावर आली की ८० च्या पुढे रडू लागते.

घडी बसेपर्यंत

नवी जोडी पहिल्या दिवशी तापते. दात्यांवरची सूक्ष्म खडबड एकमेकांना घासून बसत असते आणि त्या घर्षणाची उष्णता जायला लीटरभरच तेल असतं. म्हणून सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं हलक्या पायाने चालवायचं, मग पेटी पूर्ण गार होऊ द्यायची, आणि असं काही वेळा करायचं. पहिल्या काही शे किलोमीटरपर्यंत दणका देणं टाळायचं, त्यानंतर तेल बदलायचं. जीएल-५ तेल उरलं म्हणून ते गिअरबॉक्समध्ये ओतू नये. त्यातली काही रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत.

एवढं वाचून हात शिवशिवत असतील, तर पाकिटाला हात घालण्याआधी आणखी एक हिशेब करावा. फक्त क्राउन-पिनियन बदलायचं म्हटलं तरी बेअरिंग, सील, नळ्या, चकत्या, प्रेस, डायल गेज आणि जाणकार हात, हे सगळं लागतं. एमएक्स-५सारख्या लाखोंनी बनलेल्या गाडीत हव्या त्या रेशोचं, कारखान्यात जुळवलेलं, चांगल्या स्थितीतलं अख्खं डिफरन्शियल मिळत असेल, तर तेच घेऊन बसवणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं, आणि शांतही. दाते मोजून घ्यायला विसरू नये. विकणारा ३.९०९ म्हणत असेल, तर क्राउनवर ४३ आणि पिनियनवर ११ भरले पाहिजेत. झाकण न उघडताही ते तपासता येतं. दोन्ही बाजूंचे शाफ्ट एकत्र एकच फेरा फिरवले, तर पुढची फ्लँज चार फेऱ्यांना किंचित कमी पडली पाहिजे. चार पुरे होऊन पाव फेऱ्याहून जास्त पुढे गेली, तर तो ४.३०च आहे, कागदावर काहीही लिहिलेलं असो.